महापालिकेत सत्ता बदलली, आता आमच्या टाकीचं काय?

तिसरा_मजला

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान झालं त्यात आमचीही होती. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव आलं की लोक पक्षांवर घसरतात आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला. एवढंच सांगतो की ड वर्ग, म्हणजे सगळ्यात लहान गटातली महापालिका आहे, आणि वर्षानुवर्षं ज्यांची सत्ता होती ते या वेळी विरोधी बाकांवर बसलेत. गुलाल झाला, डीजे झाला, जेसीबीतून फुलं उधळून झाली.

आता मुद्दा. आमच्या प्रभागात पाण्याची उंच टाकी अर्धवट उभी आहे. खांब झालेत, वरची टाकी व्हायचीय. सळ्या उघड्या पडून तांबड्या झाल्यात आणि खांबांचा उपयोग फक्त वाढदिवसाचे फ्लेक्स बांधायला होतो. काम मागच्या सभागृहाने मंजूर केलं, मग मुदत संपली, प्रशासक आले, मग ठेकेदार गायब. आम्हाला तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून टँकर.

चार सदस्यांचा प्रभाग आहे, त्यातले तीन नव्या सत्तेचे निवडून आले आणि 'क' जागेवरच्या ताई जुन्या पक्षाच्या. तिघांपैकी एकाला भेटलो तर म्हणाला, "ते त्यांच्या काळातलं काम आहे, आपण नवीन टाकी आणू." ताईंना भेटलो तर म्हणाल्या, "दादा, आता आमची सत्ता नाही." मग सत्ता बदलली की जुन्या कामांचं नक्की होतं तरी काय? ज्यांच्याकडे असा बदल होऊन गेलाय त्यांनी अनुभव लिहा.

तिरकस

मी पयला!
खांबांना नावं ठेवू नका, लोकशाही त्यांच्यावरच तर टांगलेली आहे.

मीनल_स

सेम हिअर, फक्त टाकीच्या जागी भाजी मंडई. गाळे बांधून झालेत, शटर लागलेत, आत कुत्री झोपतात. आमच्याकडे तर चारही एकाच पक्षाचे आले तरी प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. चारचा प्रभाग म्हणजे कुणालाच धरता येत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. वाचतेय.

निवृत्त_लिपिक

नगरसचिव कार्यालयात आयुष्य गेलं म्हणून दोन शब्द. कुठल्या महापालिकेत ते मीही सांगत नाही.

तिसरा_मजला, तुमच्या त्या नगरसेवकाने जे सांगितलं ते कायद्याला धरून नाही. काम पक्षाचं नसतं, महापालिकेचं असतं. एकदा कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश निघाला की ते बिल नव्या सभागृहावरही बंधनकारक. अंदाजपत्रकात त्याला दायित्व म्हणतात, आणि नव्या सत्ताधाऱ्यांना पहिला धक्का बसतो तो त्याचाच. हार घालून स्थायी समितीत येतात, लेखाधिकारी कागद पुढे करतो, की साहेब एवढ्या कोटींची कामं आधीच दिलेली आहेत, आता उरलेल्यात काय ते बघा.

दुसरं म्हणजे लोकांना वाटतं महापौर बदलला म्हणजे राज्य बदललं. आपल्या कायद्यात, म्हणजे १९४९ च्या अधिनियमात आणि मुंबईपुरतं १८८८ च्या, कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. महापौर सभा चालवतात, मान मोठा आहे, पण चेकवर सही त्यांची नसते. मुदतही अडीच वर्षांची, त्यात आरक्षणाची सोडत. खरी चावी स्थायी समितीकडे असते. मुंबई सोडली तर इतरत्र १६ सदस्य, पक्षांच्या संख्याबळानुसार, आणि त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. पहिल्या वर्षी तर कोण जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. ठरावीक रकमेवरची निविदा तिथूनच पुढे जाते. म्हणून पेपरात महापौराची बातमी मोठी असली तरी नगरसेवकांची धावपळ 'स्थायी'साठी असते.

तेव्हा जुनं काम सहसा रद्द होत नाही, उपाशी मारलं जातं. तरतूद शून्य नाही करत, एक हजार रुपये ठेवतात. त्याला टोकन तरतूद म्हणतात. लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातली त्या कामाची नोंद जिवंत, काम मेलेलं.

तिरकस

एक हजाराची टाकी! काका, सिंटेक्सची पण येत नाही हो.

कोथरूडचा_रिकामटेकडा

लिपिक काकांचं पटतं पण पुरतं नाही. सत्ता बदलल्याने काहीच होत नाही हा सूर मला मान्य नाही. पुण्यात २००७ ला निकाल लागल्यावर राष्ट्रवादी, शिवसेना आणि भाजप एकत्र बसले आणि कलमाडींच्या काँग्रेसला बाहेर ठेवलं, तो 'पुणे पॅटर्न'. पण बीआरटी आधीच्या काळातली, २००६ च्या शेवटी सुरू झालेली, ती काही कुणी उखडली नाही कारण पैसे केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहरांसाठीच्या योजनेचे होते. म्हणजे पैसा बाहेरचा असेल तर काम टिकतं.

मग २०१७. भाजपला पहिल्यांदाच स्वबळावर बहुमत आणि मुक्ता टिळक पक्षाच्या पहिल्या महापौर. त्याच साली जूनमध्ये पालिकेने २०० कोटींचे कर्जरोखे काढले, समान पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी. विचार आधीच्या राजवटीतला, रोखे नव्यांच्या काळात, भांडणं दोघांची. निविदा तर एकदा रद्द करून पुन्हा काढाव्या लागल्या.

पण सगळ्यात जास्त कुठे बदल दिसतो माहितीये का? 'स' यादीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पुण्याच्या अंदाजपत्रकात नगरसेवकांच्या प्रभागातल्या बारीकसारीक कामांची यादी असते ती. बाक, पेव्हर ब्लॉक, कमानी, कापडी पिशव्या. सत्ता गेली की त्या यादीतला तुमचा आकडा बारीक होतो. आणि वर्षअखेरीस वर्गीकरण, म्हणजे एका कामाचा पैसा दुसऱ्याकडे वळवायचा. टाकीचा पैसा कमानीत कसा गेला ते शोधायचं असेल तर मुख्य सभेच्या कार्यपत्रिकेत वर्गीकरणाचे विषय बघा, शेवटच्या पानांवर असतात, तोवर सगळे जेवायला उठलेले असतात.

पिंपळे_गल्ली

पुण्याचं कौतुक चाललंय तर नदीपलीकडचंही सांगतो. पिंपरी-चिंचवडमध्ये भाजपचे २०१२ ला ३ नगरसेवक होते आणि २०१७ ला १२८ पैकी ७७. राष्ट्रवादीची २००२ पासूनची सत्ता गेली. आता हे ७७ आकाशातून पडले का? निम्मे चेहरे ओळखीचेच, आधी घड्याळ होतं हातात. आमच्या आळीत फ्लेक्सवरचा फोटो तोच राहिला, मागचा रंग बदलला. सत्तांतर म्हणजे रंगकाम.

कोथरूडचा_रिकामटेकडा

@पिंपळे_गल्ली हे मात्र लाख बोललात.

गोदाकाठ

नाशिकची कथा वेगळी आहे आणि मला ती जरा दुःखाचीच वाटते. २०१२ ला मनसेचे १२२ पैकी ४० आले, भाजपच्या पाठिंब्यावर महापौर बसला. पहिली दोन-अडीच वर्षं काही दिसेना, लोक वैतागले. नंतर मात्र उद्योगांच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून गोदापार्क, बोटॅनिकल गार्डन, शस्त्रसंग्रहालय असं बरंच उभं राहिलं. बोटॅनिकल गार्डन बघायला तर बाहेरगावचे पाहुणे घेऊन जायचो आम्ही. आणि २०१७ ला निकाल काय? मनसे ५. भाजप ६६. काम करूनही हरतात हे तेव्हा पाहिलं.

पुढची गंमत अजून भारी. प्रचारात मुख्यमंत्र्यांनी 'नाशिक दत्तक घेतो' म्हणून सांगितलं होतं. २०१८ ला तुकाराम मुंढे आयुक्त आले. करवाढीवरून सत्ताधारी भाजपच्याच नगरसेवकांनी त्यांच्यावर अविश्वास ठराव आणला, आणि तो मागे घ्यायला लावला भाजपच्याच मुख्यमंत्र्यांनी. नोव्हेंबरमध्ये मुंढेंची बदली झाली ती झालीच. आता सांगा, सत्ता कुणाची होती? निवडून आलेल्यांची, आयुक्तांची की मंत्रालयाची?

निवृत्त_लिपिक

गोदाकाठ, आयुक्तांना काढायचं तर एकूण नगरसेवकांच्या पाच-अष्टमांश मतं लागतात, साधं बहुमत पुरत नाही. आणि ठराव झाला तरी राज्य सरकार कलम ४५१ खाली तो थांबवू किंवा विखंडित, म्हणजे रद्द करू शकतं. मुंढे साहेबांच्याच बाबतीत नवी मुंबईत २०१६ ला ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाला होता, भाजप सोडून बाकी सगळे एकीकडे होते, तरी ते काही महिने तिथेच राहिले.

खडूस_आजोबा

म्हणून म्हणतो, प्रशासकच बरा होता. चार वर्षं नगरसेवक नव्हते तर काय आभाळ कोसळलं? रस्ते झाडले जात होते, दिवे लागत होते. कमानी कमी झाल्या हा फायदाच.

मीनल_स

आजोबा, आमच्या मंडईचं काम त्या चार वर्षांतच थांबलं. आणि तक्रार करायला जायचं कुणाकडे? सहायक आयुक्त मीटिंगमध्ये, उपायुक्त व्हीसीमध्ये. नगरसेवक निदान लग्नाला येतो तेव्हा धरता येतो.

तिरकस

प्रशासक राजवटीचं प्रशासकीय सौंदर्य तुम्हाला कळलेलं नाही मीनलताई. आयुक्त म्हणून प्रस्ताव पाठवायचा, स्थायी समिती म्हणून त्यावर चर्चा करायची, महासभा म्हणून तो मंजूर करायचा, आणि परत आयुक्त म्हणून अंमलबजावणी. एवढं एकमत मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. विरोधी पक्षनेता पण तेच असते तर सभात्याग करताना दारात स्वतःलाच धडकले असते.

निवृत्त_लिपिक

हसलो खरा, पण कागदावर ते तसंच चालायचं. ठरावाखाली 'प्रशासक' म्हणून सही आणि प्रस्तावाखाली 'आयुक्त' म्हणून सही, शिपाई एकाच टेबलावरून फाइल उचलायचा आणि तिथेच ठेवायचा.

अंधेरी_लोकल

मुंबईचं कुणीच कसं लिहिलं नाही? २०१७ ला शिवसेना ८४ आणि भाजप ८२, राज्यात एकत्र आणि इथे एकमेकांच्या उरावर. भाजपने महापौरपदाची निवडणूकच लढवली नाही, म्हणाले आम्ही पारदर्शकतेचे पहारेकरी. मग त्याच वर्षी मनसेच्या सातपैकी सहा जणांनी सेनेत उडी मारली. या वेळी भाजप ८९, शिंदेंची सेना २९, ठाकरेंची ६५. २२७ मध्ये बहुमताला ११४ लागतात, म्हणजे दोघांचे मिळून ११८, काठावरच. १९९७ पासून सेनेच्या हातात असलेली पालिका गेली.

पण तिसरा_मजला यांच्या प्रश्नासाठी मला वेगळं उदाहरण द्यायचंय. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ, हे आश्वासन सेनेने २०१७ च्या पालिका निवडणुकीत दिलं. पालिका त्यांच्याकडे होती. तरी पूर्ण माफी झाली कधी? जानेवारी २०२२ मध्ये, जेव्हा राज्य सरकारही त्यांच्या हातात होतं आणि मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. मधल्या काळात फक्त सर्वसाधारण कर तेवढा कमी झाला आणि लोक विचारत राहिले की बिल तर येतंय. पालिका जिंकून पालिकेतलं आश्वासन पाळता येत नाही, ही आपली स्थानिक स्वराज्य संस्था.

ठाणे_वेस्ट

अंधेरी_लोकल +१. आणि जकात गेल्यापासून तर जास्तच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात बंद झाली, बाकीच्यांचा एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर गेला. त्या बदल्यात राज्य सरकार दर महिन्याला भरपाई देतं, वर्षाला ८ टक्के वाढ धरून. बऱ्याच लहान महापालिकांचा पगार त्यावरच होतो. मग सभागृहात कुणीही बसो, मंत्रालयाकडे बघूनच बोलावं लागतं. ते 'डबल इंजिन, ट्रिपल इंजिन' प्रचारात म्हणतात ना, त्यात हीच धमकी असते, सोज्ज्वळ भाषेत.

कोथरूडचा_रिकामटेकडा

धमकी म्हणा की वस्तुस्थिती म्हणा, मतदार तेच बघून मत देतो. यात चूक काय? वर आणि खाली एकच पक्ष असेल तर निधी येतो, हे सगळ्या पक्षांनी वापरलंय.

ठाणे_वेस्ट

चूक ही की मग निवडणूकच कशाला, राज्यात जो जिंकेल त्यानेच नगरसेवक नेमावेत. ७४ वी घटनादुरुस्ती १९९२ ला केली कशासाठी?

खडूस_आजोबा

तेच तर म्हणतोय. प्रशासक.

तिरकस

आजोबा 😂😂

जळगावकर_भाऊ

तुम्ही लोक मतदानाने सत्ता बदलल्याचं बोलताय, आमच्याकडे मतदान न करताच बदलली. २०१८ ला भाजपचे ७५ पैकी ५७ आले, शिवसेनेचे १५. पाच वर्षं निवांत असं वाटलं सगळ्यांना. मार्च २०२१ ला अडीच वर्षं संपली, महापौरपदाची निवडणूक कोरोनामुळे ऑनलाइन. त्या वेळी भाजपचे २७ जण फुटले आणि शिवसेनेच्या जयश्री महाजन ४५ विरुद्ध ३० ने महापौर झाल्या. घरातली माणसं टीव्हीवर बघत होती की आपला नगरसेवक कुठून लॉगिन झालाय. मागे पडदा कुठला, पंखा कुठल्या हॉटेलचा, यावर चर्चा.

रस्त्यांचं म्हणाल तर भाऊ, खड्डे दोन्ही बाजूंना मतदान करून बसलेले.

कृष्णाकाठी

आमच्याकडे सांगलीत त्याच्या आधीच्याच महिन्यात तेच. भाजपचं ७८ मध्ये ४१ चं बहुमत, महापौर राष्ट्रवादीचा.

नगरी_बाणा

आमचं अहमदनगरचं त्याहून सरस. डिसेंबर २०१८, शिवसेना २४, राष्ट्रवादी १८, भाजप १४. महापौर कुणाचा? तिसऱ्या नंबरच्या भाजपचा. पाठिंबा कुणाचा? राष्ट्रवादीचा. त्यावर राष्ट्रवादीने आपल्या अठराही जणांवर कारवाई केली. आणि आत्ता जानेवारीत अंबरनाथच्या नगरपरिषदेत भाजप आणि काँग्रेस एकत्र दिसले ते बघून आम्हाला काही नवल वाटलं नाही.

मीनल_स

पक्षांतरबंदी कायदा नगरसेवकांना नसतो का? खरंच विचारतेय.

निवृत्त_लिपिक

असतो ताई. १९८६ चा महाराष्ट्राचा वेगळा कायदा आहे, स्थानिक प्राधिकरण सदस्यांच्या अनर्हतेचा. निकालानंतर पक्षाने विभागीय आयुक्तांकडे गटाची नोंदणी करायची, गटनेता ठरवायचा, त्याने व्हीप, म्हणजे मत कुणाला द्यायचं याचा पक्षादेश बजावायचा. मग कुणी उलट मत दिलं तर तक्रार विभागीय आयुक्तांकडे. पण सुनावणी, तारीख, कोर्ट यात सभागृहाची मुदतच उलटून जाते. आणि दोन तृतीयांश एकदम गेले तर विलीनीकरण म्हणून सुटतात. व्हीप घ्यायचाच नाही म्हणून नगरसेवक घरी सापडत नाहीत, मग दाराला चिकटवायचा आणि फोटो काढायचा. आमचे शिपाई असले फोटो बघून हसायचे, एका दारावर तर दोन्ही गटांचे व्हीप शेजारी शेजारी.

दिल्लीत नगरसेवकांना हा कायदा लागूच नाही. तिथे 'आप'ने २०२२ ला २५० पैकी १३४ जिंकून भाजपची पंधरा वर्षांची सत्ता घालवली आणि एप्रिल २०२५ ला महापौर परत भाजपचा, मधे निवडणूक नाही.

अंधेरी_लोकल

चंडीगडही आठवा, २०२४. निवडणूक अधिकाऱ्यानेच मतपत्रिकांवर खाडाखोड केली आणि सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला. आपल्याकडे महापौराला हात वर करून मतदान असतं ते बरंय, निदान हातावर खाडाखोड करता येत नाही.

परदेशी_पाखरू

इंग्लंडमधून थोडं. इथे कौन्सिलची सत्ता बदलली की कारभार खरोखर नव्या पक्षाकडे जातो, कारण लीडर आणि त्याची कॅबिनेट निवडून आलेल्यांमधून असते, अधिकारी त्यांच्या हाताखाली. बहुमत कुणालाच नसेल तर तसं सरळ जाहीर होतं आणि मग वाटाघाटी. मे २०२५ ला केंट काउंटी कौन्सिल कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडून रिफॉर्म पक्षाकडे गेली. उधळपट्टी थांबवू असं सांगून आले, आणि मग कळलं की बहुतेक पैसा वृद्धांच्या आणि अपंगांच्या देखभालीत जातो, जो कायद्याने द्यावाच लागतो. लिपिक काका दायित्व म्हणतात तेच, फक्त पाउंडात. बर्मिंगहॅमने तर २०२३ ला हिशेब जुळत नाही म्हणून नवा खर्चच थांबवल्याची नोटीस काढली होती, म्हणजे अधिकार हातात असले की चैन असते असंही नाही.

तिरकस

तिकडे पण उधळपट्टी सापडत नाही म्हणजे कमानी नाहीत वाटतं.

माजी_नगरसेविकेची_मुलगी

खूप दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते. आई एक टर्म नगरसेविका होती, त्या पाच वर्षांत मधेच सत्ता पलटली. बाहेरून दिसत नाही ते सांगते.

पहिल्या दिवशी काय बदलतं तर दालनं. पदाधिकाऱ्यांच्या पाट्या काढतात, स्क्रूची भोकं तशीच राहतात, त्यावरच नवी पाटी. भिंतीवरचे नेत्यांचे फोटो खाली येतात. स्वीय सहायक मात्र तोच असतो, तो नव्या साहेबांना सांगतो की चहा कुठून मागवायचा आणि कुठल्या अधिकाऱ्याला दुपारनंतर भेटायचं. मग पुढचे दोन महिने नगरसेवक काम करतच नाहीत, समित्या कुणाला मिळणार यात सगळे गुंतलेले. आईला विधी समिती मिळाली होती तेव्हा बाबा चार दिवस बोलले नव्हते.

बाबांवरून आठवलं, ५० टक्के महिला आरक्षण म्हणजे पतिराज असं लोक हसत म्हणतात. आमच्याकडे पहिलं वर्ष तसंच होतं, नाकारत नाही. पण सभागृहात नवऱ्याला बसता येत नाही ना. आईने एकदा पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमनचं वेळापत्रक स्वतः वहीत उतरवून आणलं आणि सभागृहात वाचून दाखवलं, कुठल्या गल्लीत किती मिनिटं. अभियंता उभा राहिला तो बसेचना. त्या दिवसापासून फोन आईला यायला लागले.

सत्ता गेल्यावर तिच्या फाइली थांबल्या का? थांबल्या नाहीत, हळू झाल्या. एका टेबलावर आठवडा लागायचा तिथे महिना. कुणी नाही म्हणत नाही, फक्त "मॅडम, बघतो" म्हणतात. तिने मग एक युक्ती केली, तिच्या प्रभागातल्या कामाचा प्रस्ताव सत्ताधारी नगरसेवकाच्या नावाने द्यायला लावायचा आणि उद्घाटनाला मागच्या रांगेत उभं राहायचं. काम झालं, श्रेय गेलं. पुढच्या निवडणुकीत ती पडली. म्हणजे हेही नाही की युक्तीचं फळ मिळतं.

गोदाकाठ

फार छान लिहिलंत. व्हॉल्व्हमनचं वेळापत्रक!! आमच्याकडे तो व्हॉल्व्हमनच प्रभागाचा खरा महापौर आहे.

पिंपळे_गल्ली

@माजी_नगरसेविकेची_मुलगी आई आता काय करतात? परत उभं राहायला हवं होतं.

माजी_नगरसेविकेची_मुलगी

या वेळी जागा आरक्षणात गेली. आणि चारचा प्रभाग म्हणजे खर्च केवढा, पक्ष विचारतो पॅनेलसाठी किती देणार. नको म्हणाली.

तिसरा_मजला

सगळ्यांचे आभार, धागा मी समजलो होतो त्याहून लांब गेला. लिपिक काकांचं आणि वरच्या ताईंचं वाचून पाणीपुरवठा विभागात जाऊन आलो. कनिष्ठ अभियंता भला माणूस निघाला, फाइल दाखवली. माहिती अशी:

टाकी महापालिकेच्या पैशातून नाही, राज्याच्या नगरोत्थान योजनेत मंजूर आहे, पालिकेचा हिस्सा वेगळा. मधल्या काळात दरसूची बदलली, ठेकेदार म्हणाला जुन्या दरात परवडत नाही आणि निघून गेला. आता वाढीव खर्चाला सुधारित प्रशासकीय मान्यता पाहिजे, तिथे सगळे सुप्रमा सुप्रमा म्हणतात. त्यासाठी महासभेचा ठराव करून राज्याकडे पाठवायचा. ठराव कुणी मांडलेलाच नाही. प्रशासकांच्या काळात झाला नाही आणि आता तिघे म्हणतात नवीन टाकी, ताई म्हणतात सत्ता नाही.

निवृत्त_लिपिक

मग अर्धं काम झालं तुमचं. दोन गोष्टी करा. ठेकेदाराला नोटीस गेली का ते विचारा, कारण उरलेलं काम त्याच्या जोखमीवर आणि खर्चावर दुसऱ्याकडून करून घेण्याची अट करारात बहुतेक असते, ती वापरली नाही तर सगळा वाढीव बोजा पालिकेवर. माहितीच्या अधिकारात मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दुसरं, ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतो. सूचक नव्या सत्तेचा ठेवा, अनुमोदक ताईंना करा. उलटं केलंत तर विषय पटलावर येईल आणि तहकूब होईल. आणि नवीन टाकी म्हणणाऱ्याला विचारा, जागा कुठेय? शहरात टाकीएवढी मोकळी, आरक्षित आणि ताब्यातली जागा मिळायला सात जन्म जातात.

कोथरूडचा_रिकामटेकडा

आणि अंदाजपत्रक मार्चच्या आत. आयुक्त स्थायीला सादर करतात, स्थायी त्यात आपले आकडे घालून फुगवते आणि मग सभेपुढे. तुमचं लेखाशीर्ष त्यात टोकनवर आहे की खरी तरतूद आहे ते आत्ताच बघून ठेवा.

सळई_सिमेंट

स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे, राजकारणातलं कळत नाही म्हणून गप्प होतो. पण मूळ पोस्टमधलं एक वाक्य कुणी उचललंच नाही. सळ्या उघड्यावर गंजल्यात म्हणालात. किती? नुसता तांबूस थर असेल तर घासून निघतो. पापुद्रे सुटत असतील, सळईचा व्यास कमी झाला असेल, तर त्यावर तसंच काँक्रीट ओतायचं नाही. खांबांची आधी तपासणी करून घ्या, सळईचा व्यास मोजायला लावा, काँक्रीटची अल्ट्रासोनिक चाचणी करायला लावा. हा खर्च सुधारित अंदाजपत्रकात धरलेला नसेल तर काम सुरू झाल्यावर पुन्हा अडेल आणि पुन्हा मान्यतेला जाईल. लाखो लिटर पाणी डोक्यावर घेणारे खांब आहेत ते, फ्लेक्सचे नाहीत.

तिसरा_मजला

हे अभियंता बोललाच नाही!! उद्या पुन्हा जातो. फोटो टाकू का इथे?

सळई_सिमेंट

टाका. जवळून काढा आणि शेजारी पट्टी धरा म्हणजे अंदाज येईल. खांबाच्या माथ्यावरच्या आणि जमिनीलगतच्या, दोन्हीकडच्या.

राजकीय_भूकंप

पूर्ण धागा वाचला नाही. पण सगळे एकाच माळेचे मणी. बाकी कुठली महापालिका आणि कुठला पक्ष ते सांगा म्हणजे बोलता येईल.

तिरकस

@तिसरा_मजला, फोटो काढताना आधी फ्लेक्स सोडवून घ्या, नाहीतर सळईच्या जागी दादांचा व्यास मोजला जायचा.